फुकट टॅब, २९,५०० चा दंड आणि माडाखाली पुरलेलं मेमरी कार्ड

कातळावरचा | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गावाचं नाव सांगत नाही, कणकवली तालुका एवढं पुरे, नाहीतर उद्या बाजारात बाबांना लोक थांबवून विचारतील.

मी रत्नागिरीला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी गेलो तर बाबा गप्प. वय ७१, एसटीतून रिटायर, एरवी मी पायरी चढायच्या आत गावातली सगळी गजाल सांगून मोकळे होणारा माणूस. जेवायला बसले, दोन घास खाल्ले न उठले. आई म्हणाली चार दिवस असंच चाललंय, फोन उलटा करून ठेवतात, बेल वाजली की दचकतात.

रात्री ओटीवर बसून काढून घेतलं सगळं. झालं असं, त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली, "ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत टॅब, फक्त आज". चार प्रश्न विचारले, वय किती, फोन कुठला वगैरे. मग नऊ खोके आले, त्यातला एक उघडायचा. पहिला रिकामा, दुसरा रिकामा, तिसऱ्यात टॅब! मग पाच ग्रुपना पाठवा, ती हिरवी पट्टी भरत जाते ना, ती पूर्ण भरेपर्यंत पाठवलं. डिलिव्हरीचे ९९ रुपये म्हणे, ते भरले. तोवर पान उडून भलतीकडे गेलं, जुनी भजनं आणि नाट्यगीतं फुकट डाऊनलोड करा असं काहितरी, बाबांनी तिथेही बोट लावलं. आणि फोनभर लाल पान. वर अशोकस्तंभ, खाली "आपल्या उपकरणावर बेकायदेशीर गाणी आढळली आहेत, कॉपीराइट कायद्याचा भंग, ३ वर्षे कैद, ६ तासांत २९,५०० रुपये दंड भरा". घड्याळ उलटं चालू. मागे जायचं बटण दाबलं तरी पान जाईना.

बाबांनी एटीएम कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला. २९,५०० गेले नाहीत, कारण खात्यात तेवढे नव्हतेच. मग त्या पानानेच दया दाखवली, "हप्त्याने भरा". ९,८०० गेले.

मी म्हटलं, बाबा मला एक फोन करायचा ना. तर म्हणाले, "तुका सांगूक लाज वाटली. माका वाटला पोलीस येतले." आणि मग हळूच विचारतात, "ता कार्ड माडाच्या मुळात पुरलंय, चलात ना?"

कुठलं कार्ड? तर २०११ साली बाजारात तीस रुपये देऊन गाणी भरून आणलेलं ४ जीबीचं मेमरी कार्ड. कपाटात तपकिरीच्या डबीत होतं. दंडाचं पान दिसल्यावर माणसाने आधी पुरावा नष्ट केला आणि मग पैसे भरले!

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावलाय, तक्रार नंबर मिळाला, पण मधे चार दिवस गेलेले. अजून काय करता येईल? आणि खरंच जुनी गाणी फोनात असली तर काही होतं का? बाबांना काय सांगू?

रेंज_नाय | शनिवार, रात्री ११:४२

भाऊ, माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, ह्या महिन्यात असली लाल पानं घेऊन आलेली तुझ्या बाबांसारखी चौथी केस. पहिली गोष्ट, फोनात काही सापडलेलं नसतं. वेबसाईट तुमच्या मेमरी कार्डात डोकावून गाणी मोजत बसत नाही, ते नुसतं चित्र आहे, पूर्ण स्क्रीनवर ताणलेलं. मागे जात नाही कारण त्यांनी तेच पान पंधरा-वीस वेळा एकावर एक रचलेलं असतं. नेट बंद करायचं, चालू ॲप्सच्या यादीतून क्रोम वर सरकवून उडवायचं, आणि सेटिंगमधे जाऊन क्रोमचा डेटा साफ. संपला विषय.

ती खोकी पण तशीच. कुठलाही खोका उघडा, तिसऱ्यालाच लागतो, तसंच लिहिलेलं असतं. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर पाच वेळा उघडून दाखवलंय, पाचही वेळा टॅब. खाली "मला कालच मिळाला, थँक्यू" लिहिणारे लोक दिसतात ना, तेही पानातच छापलेले, त्यांना उत्तर देऊन बघा, कुणी बोलत नाही.

आता एक काम उद्या सकाळीच कर. क्रोमच्या सेटिंगमधे साईट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि अनोळखी नावं दिसतील त्यांना बंद कर. बाबांनी कुठेतरी "अलाऊ" दाबलेलं असणार, म्हणून बेल वाजते न दचकतात. आणि डाऊनलोडच्या फोल्डरमधे एपीके फाईल, म्हणजे उघडली की थेट ॲप बसवणारी फाईल, पडली आहे का बघ. असेल तर ती उघडली होती का विचार. उघडली असेल तर मेसेज वाचणारं ॲप बसलेलं असू शकतं, मग ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने येतात हल्ली एपीके. पत्रिका कधी एपीके असते काय?

चाकरमानी_कल्याण | शनिवार, रात्री ११:५८

एवढी शिकलेली मुलं असून आईवडलांना दोन गोष्टी सांगता येत नाहीत का? लोभ केला की असंच होणार. फुकट कोण देतंय आजकाल.

देवगडची_वहिनी | रविवार, सकाळी ७:०५

कल्याणकर दादा, मी शाळेत शिकवते, आणि गेल्या वर्षी मी स्वतः "सर्व्हे भरा, स्मार्टवॉच मोफत, फक्त १४९ डिलिव्हरी" ला भुललेय. घड्याळ आलं बरं का, नाही असं नाही! पोस्टमनने हातात दिलं. खोका छान, पट्टा छान, आणि डायलवर स्टिकर. त्यावर दहा वाजून दहा मिनिटं छापलेली. अजून आहे, मुलगा भातुकलीत वापरतो. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आज इथे पहिल्यांदा लिहितेय. तेव्हा काकांना बोलू नका.

आणि खरं सांगायचं तर टॅबचे ९९ गेले त्याचं काकांना काही वाटलं नसणार. खाल्लं ते त्या दंडाने. आपण सगळ्यांनी कधी ना कधी कार्डं भरून आणलीयत, मनात कुठेतरी असतंच की हे काही बरोबर नव्हतं. त्या लाल पानाने नेमकी तीच नस धरली. माझ्याकडे तसलं पान आलं असतं तर टॅबच्या लिंकला हसणारी मी पण क्षणभर थांबले असते, कॉलेजात असताना काय काय उतरवलंय ते आठवून.

रेंज_नाय | रविवार, सकाळी ७:३०

वहिनी, नस धरली म्हणालात ते माझ्या वर्मी लागलं कारण ती कार्डं भरणारा मीच 😀 २००९ ते १४ हाच धंदा. २ जीबी वीस, ४ जीबी तीस, "जुनी की नवीन?" एवढाच प्रश्न. जुनी म्हटलं की एक फोल्डर, नवीन म्हटलं की दुसरा, आणि गणपतीत आरत्या वर फुकट. गणपतीच्या आधी आठवडाभर रांग लागायची, मुंबईची माणसं सुद्धा इथे येऊन भरून नेत. एकदा रेड आली रेड आली अशी बोंब झाली बाजारात, तर सीपीयू घरी नेऊन भाताच्या कणगीत घातला होता. रेड वगैरे काही नव्हती, बीडीओंची गाडी होती. पण तीन दिवस घशाखाली घास उतरला नाही, तेव्हा काका जेवत नाहीत म्हणजे काय ते मला कळतंय.

खाडीपलीकडे | रविवार, सकाळी ९:१५

वकील आहे, पण फौजदारीचा नाही, तरी कायद्याचं थोडं लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ मधे ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, म्हणजे लाल पानवाल्यांनी "३ वर्षे" हवेतून आणलेलं नाही. पण ती शिक्षा कोर्ट देतं, खटला चालून. वेबसाईटवर घड्याळ लावून, कार्ड नंबर घेऊन, हप्त्याने दंड गोळा करायची पद्धत भारतात कुठल्याही खात्याची नाही.

ह्या भीतीला इतिहास पण आहे. २०१६ च्या ऑगस्टमधे बंद केलेल्या साईट उघडल्या की एक सूचना यायला लागली होती, नुसतं बघणं सुद्धा गुन्हा, ३ वर्षे, ३ लाख वगैरे. देशभर लोक हादरले होते. मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल यांनी तेव्हाच सांगितलं की नुसतं बघणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही, प्रती काढणं, विकणं, भाड्याने देणं, जाहीर दाखवणं ह्या गोष्टी वेगळ्या. म्हणून काकांना सांगा, ३० रुपयांच्या कार्डासाठी २०११ नंतर आता कुणी दारात येत नाही. (रेंज_नाय, तुमचं काय ते तुम्ही बघा, "विकणं" मधे तुम्ही बसता 😄)

पैशाचं म्हणाल तर बँकेत आजपर्यंत लेखी तक्रार दिली नसेल तर उद्या उघडल्या उघडल्या द्या. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा प्रकार असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोशीस लागत नाही. इथे ओटीपी स्वतः टाकलाय, त्यामुळे कळवेपर्यंतचं नुकसान बहुतेक तुमच्याच माथी येईल, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. कार्ड ब्लॉक केलंय ना? ते आधी.

कातळावरचा | रविवार, सकाळी ९:४०

कार्ड रात्रीच ब्लॉक केलं. एपीके एक सापडली, उघडली नव्हती, नशीब. नोटिफिकेशनच्या यादीत अकरा साईट निघाल्या, त्यातली एक "तुमच्या फोनमधे ५ व्हायरस" रोज पहाटे ओरडत होती. बाबा म्हणतात मला वाटलं फोनच आजारी पडलाय.

कुडाळकर_हॉलवाला | रविवार, दुपारी १२:२०

वकीलसाहेब विषय निघालाच आहे तर विचारतो, माझा छोटा हॉल आहे, लग्नात डीजे लावला की गाण्याचं लायसन पाहिजे असं सांगत फोन येतात, फी सांगतात. हे पण त्यातलंच का?

खाडीपलीकडे | रविवार, दुपारी १:०५

नाही, असे परवाने देणाऱ्या खऱ्या संस्था आहेत, फोन करणारा खरा की भामटा ते वेगळं तपासा. पण लग्नापुरतं सांगायचं तर कलम ५२(१)(झेडए) वाचा, धार्मिक विधीत वाजवलेलं गाणं म्हणजे भंग नाही, आणि त्यात वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ धरले आहेत. जुलै २०२३ ला केंद्राच्या उद्योग विभागाने तशी जाहीर सूचनाही काढली होती. थर्टीफर्स्टची तिकीट लावून पार्टी केलीत तर मात्र परवाना लागेल, तिथे लग्न लग्न म्हणू नका.

न्यूजर्सी_ते_नेरूर | रविवार, संध्याकाळी ५:३०

धागा वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. मी २००३ ते २०१० तिकडे होतो, आता परत येऊन नेरूरला काजू बघतो. तेव्हा अमेरिकेत अगदी हेच, फक्त टॅबच्या जागी आयपॉड. २००४ ला "फ्री आयपॉड" नावाची लाट होती, एक ऑफर पूर्ण करा, म्हणजे कशाचं तरी सभासद व्हा, आणि पाच मित्रांना तेच करायला लावा. गंमत म्हणजे काहींना खरंच मिळाले! आमच्या ऑफिसात एकाला आला, आणि त्याला आला म्हणून आम्ही बाकीचे बारा जण लागलो, माझे पाच मित्र काही पुरे झाले नाहीत. २००६ मधे न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने ती साईट चालवणाऱ्यांवर केस टाकली, लोकांचे ई-मेल पत्ते विकले म्हणून. म्हणजे माल आयपॉड नव्हता, माल आम्ही होतो. काकांनी चार प्रश्नांत वय आणि फोनचा मॉडेल दिला ना, तोही माल आहे, पुढचे फोन त्यावरूनच येतील, सावध राहा.

आणि गाण्यांची धमकी तिकडे खोटी नव्हती. सप्टेंबर २००३ ला तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २६१ जणांवर एकदम दावे लावले, गाणी नेटवर वाटली म्हणून. त्यात एक १२ वर्षांची मुलगी निघाली, आईने २००० डॉलर भरून मिटवलं. मी तेव्हा भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर आशाबाई-लताबाईंची गाणी उतरवून ठेवलेली, ती बातमी वाचून रात्री दोन वाजता सगळी डिलीट केली. सकाळी उठलो तर घर एकदम मुकं. तेव्हा काकांनी माड निवडला ह्यात मला काही वेडेपणा दिसत नाही. कार्ड काढा मात्र, खारा वारा आणि पाऊस, सडून जाईल.

चाकरमानी_कल्याण | रविवार, रात्री ८:५०

काल जरा जास्त बोललो. आमच्याकडे सासऱ्यांना "केबीसीची २५ लाखांची लॉटरी" लागली होती व्हॉट्सॲपवर, जीएसटी म्हणून १२ हजार भरले त्यांनी आणि बायकोने मला दोन वर्षांनी सांगितलं. आत्ताच हा धागा तिला दाखवला.

देवगडची_वहिनी | रविवार, रात्री ९:१०

राहूद्या दादा. हापूसचा सीझन येतोय, तेव्हा "घरपोच पेटी निम्म्या दरात" वाल्यांपासून तेवढं जपा, बागायतदारांच्या बागेतले फोटो चोरून पेज बनवतात आणि शिव्या आम्हाला खाव्या लागतात.

कातळावरचा | पुढचा शनिवार, रात्री १०:२५

अपडेट. बँकेत लेखी दिलं. १९३० च्या तक्रारीवरून ९,८०० पैकी ४,००० पुढच्या कुठल्यातरी खात्यात अडकवून ठेवलेत असा मेसेज आला, ते परत मिळायला वेळ लागेल म्हणाले. बाकीचे गेले ते गेले.

आज सकाळी बाबांना घेऊन माडाकडे गेलो. नेमकी जागा आठवेना, तीन ठिकाणी खणलं, आई पडवीतून "आणि खोल जावा, पाणी लागात" म्हणून चिडवत होती. शेवटी डबी सापडली. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी बांधून, आत डबीत कापूस घालून ठेवलेलं. पुरावा नष्ट करणाऱ्याने एवढी काळजी घेतलेली मी तरी पहिल्यांदा पाहिली. तपकिरीचा वास अजून आहे.

रेंज_नाय भाऊंकडून कार्ड रीडर आणला (आभार, आणि कार्ड बघून "ह्या माझाच काम, फोल्डराचा नाव बघ" म्हणाले, फोल्डरचं नाव "जूनी मस्त"). ६१२ गाणी निघाली. आणि एक वेगळीच फाईल, रेकॉर्डिंग ०१७, फोनवर रेकॉर्ड केलेली, ३८ मिनिटांची. लावली तर पखवाज, झांजा, माणसांचा गलका, आणि बाबांचा आवाज. २०१० ची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सवाल-जवाबाचा सामना, पलीकडच्या गावातल्या बुवांबरोबरची. बाबा पूर्वी बुवा म्हणून उभे राहायचे हे मला माहीत होतं, पण आवाज विसरलो होतो. एका ठिकाणी समोरच्या बुवांना टोमणा मारून गजर वर नेतात, लोक ओरडतात, आणि मागे कुणीतरी "आता उत्तर दी!" म्हणतो. आई भाकरी थापता थापता थांबली.

बाबा म्हणाले, "ह्या कोणी केलेला?" कुणालाच माहीत नाही. कार्ड भरताना फोनमधून कार्डावर आलेलं असणार.

रेंज_नाय | शनिवार, रात्री १०:४०

जुन्या फोनात रेकॉर्डिंग कार्डावरच जायची. आम्ही गाणी भरताना गिऱ्हाइकाची स्वतःची फाईल पुसायची नाही हा एक नियम पाळायचो बरं का. यूट्यूबवर टाक रे, लोक ऐकतील.

कातळावरचा | रविवार, सकाळी ८:१५

रात्रीच टाकली, गणपतीतला बाबांचा एक फोटो लावून. सकाळी उठतो तर यूट्यूबचा मेल, कॉपीराइट क्लेम! गजराची चाल एका सिनेमातल्या गाण्याची, ती ओळखली त्यांनी. मी मेल वाचत होतो, बाबा मागून येऊन बघतात, "कॉपीराइट" शब्द दिसला आणि चेहरा परत उतरला.

खाडीपलीकडे | रविवार, सकाळी ८:४०

घाबरू नका. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेम म्हणजे यंत्राने चाल किंवा रेकॉर्डिंग ओळखलं, व्हिडिओ बहुतेक वेळा तसाच राहतो, जाहिराती लागल्या तर त्यांचे पैसे हक्कदाराला. चॅनलला धोका स्ट्राइकने, ९० दिवसांत तीन पडले तर. मेलमधे "व्हिडिओवर परिणाम नाही" असं काही लिहिलंय का बघा. लिंकवर बोट न लावता, यूट्यूब स्टुडिओ स्वतः उघडून बघा, कारण अशा मेलच्या पण नकला येतात.

आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे राहतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे, म्हणजे १९६० ची तबकडी २०२० संपताना मोकळी झाली. डबलबारीत अर्ध्या चाली सिनेमाच्या असतात, कोकणातल्या सगळ्या बुवांना क्लेम लागले तर यूट्यूबला वेगळी खोली घ्यावी लागेल.

कातळावरचा | रविवार, सकाळी ९:०५

स्टुडिओत बघितलं, तसंच लिहिलंय, व्हिडिओ चालू, स्ट्राइक नाही. बाबांना समजावलं. पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि विचारतात, "म्हणजे ह्या खरा?" म्हटलं हो, हे खरं. "आणि पैशे?" म्हटलं एक रुपया भरायचा नाही. थोडा वेळ गप्प बसले.

मग म्हणाले, "चाल तेंची होती, ता खराच. पण उत्तर माझा होता."

१४३ जणांनी ऐकलंय आत्तापर्यंत. पलीकडच्या गावातल्या बुवांच्या नातवाने खाली लिहिलंय, आमच्या आजोबांचं उत्तर का कापलंत, ते टाका. बाबा सकाळपासून म्हणतायत, रेकॉर्डिंग तिथेच संपलंय सांग त्याला. संपलेलं नाही, अजून सहा मिनिटं आहेत.